मुकुटाला उद्देशून : सातारा-सांगली परिसर, ब्रिटिश राजघराणे आणि अर्जाची संहिता

१

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या जाणिवेत ब्रिटिश राजघराणे सतत उपस्थित आहे. मात्र त्या घराण्यातील माणसे तीत फारशी दिसत नाहीत. विक्टोरिया राणी दिसते ती राणीछाप रुपयावर, मुंबईतल्या राणीच्या बागेच्या नावात, जाहीरनाम्याच्या मथळ्यावर आणि अर्ज-मानपत्रांच्या संबोधनात. ती येथे परिचित झाली ती व्यक्ती म्हणून नव्हे, तर जिला उद्देशून काही सांगता येते अशी एक जागा म्हणून. राजघराण्यातील जी माणसे प्रत्यक्ष या प्रदेशात आली, राहिली, फिरली, त्यांची नोंद मात्र बहुतांशी इंग्रजीत राहिली. संबोधन एकीकडे आणि सहवास दुसरीकडे, अशी ही फारकत आहे. सातारा-सांगली परिसरात ती जितकी ठळक दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसत असेल.

आजचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे पूर्वीच्या सातारा जिल्ह्याचा मोठा भाग आणि सांगली, मिरज, औंध, फलटण, जत यांसारखी संस्थाने मिळून बनलेले आहेत. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा वाई, माहुली, कऱ्हाड असा प्रवास करीत सांगलीस येते. छत्रपतींची गादी, पटवर्धनांची जहागीर आणि गोऱ्या साहेबांचे थंड हवेचे ठिकाण या तिन्ही गोष्टी या एकाच नदीच्या खोऱ्यात नांदल्या. त्यामुळे येथे राजसत्तेची तीन रूपे एकमेकांसमोर उभी राहिली : पदच्युत झालेले राजेपण, मांडलिक राहिलेले राजेपण आणि समुद्रापलीकडचे राजेपण.

या तिसऱ्या राजेपणाशी झालेल्या व्यवहाराचे मराठी समीक्षेत आणि इतिहासलेखनात दोन अर्थ लावले गेले आहेत. एका मताने राणीविषयीची निष्ठा हा त्या पिढीचा भाबडेपणा होता. दुसऱ्या मताने ती मुत्सद्देगिरी होती. राणीचे नाव पुढे करून गोऱ्या अंमलदारांना अडचणीत आणण्याची ती युक्ती होती. वरवर पाहता ही मते परस्परविरोधी आहेत. परंतु दोन्ही मते लेखकाच्या अंतःकरणात डोकावू पाहतात. तो मनापासून लिहीत होता की नाही, एवढाच प्रश्न ती विचारतात. लेखनप्रकाराकडे दोहोंचेही दुर्लक्ष होते. अर्ज हा एक लेखनप्रकार आहे आणि त्याची एक अंगभूत अट आहे. अन्यायाची तक्रार करावयाची तर ती ऐकून घेणारा न्यायी वाचक कल्पावाच लागतो. तो प्रत्यक्षात आहे की नाही, यावर अर्जाची सुरुवात अवलंबून नसते. राणी ही अशी कल्पिलेली वाचक होती. हा वाचक कसा घडला, त्याच्यापुढे कोणी कोणाच्या वतीने बोलावे यावरून कोणता संघर्ष झाला आणि अखेर त्याची गरज कशी संपली, याचा इतिहास हा वाङ्मयेतिहासाचाही भाग ठरतो.

२

या इतिहासाचा आरंभ एका नाकारलेल्या सहीपासून होतो. पेशवाईच्या अस्तानंतर १८१८ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह छत्रपतींना साताऱ्याच्या गादीवर बसविले आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजी त्यांच्याशी तह केला. वीस वर्षांनी त्याच प्रतापसिंहांवर कारस्थानाचा आरोप आला. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, नागपूरकर भोसल्यांशी पत्रव्यवहार, कंपनीच्या पलटणीतील एतद्देशीय अंमलदारांना फितविणे, असे त्या आरोपाचे स्वरूप होते. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स रिव्हेट कारनॅक १८३९ च्या ऑगस्टमध्ये स्वतः साताऱ्यास आले. दोष मान्य करणाऱ्या कागदावर महाराजांनी सही करावी आणि गादी राखावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. महाराजांनी सही नाकारली. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करण्यात आले. त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवून प्रतापसिंहांची रवानगी काशीस झाली.

दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराखाली सही करण्याचे नाकारणे म्हणजे स्वतःची बाजू स्वतः लिहिण्याची जबाबदारी घेणे होय. ही जबाबदारी रंगो बापूजी गुप्ते यांच्यावर आली. महाराजांचे वकील म्हणून ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथेच राहिले. तेरा-चौदा वर्षांचा हा मुक्काम आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकरण आहे. लेडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या कचेरीत संचालक होते. त्याच इमारतीत भागधारकांच्या सभा भरत. त्यांच्यावर बोर्ड ऑफ कंट्रोल, त्याच्यावर पार्लमेंट आणि सर्वांच्या वर मुकुट. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतील प्रसिद्ध वक्ते जॉर्ज टॉम्पसन यांनी भागधारकांच्या सभेत साताऱ्याची बाजू मांडली. पार्लमेंटात जोसेफ ह्यूम यांनी तो प्रश्न लावून धरला. अर्ज, पुरवण्या, भाषणांची छापील पुस्तके, पत्रव्यवहार अशी मोठी कागदपत्रे त्यातून निर्माण झाली.

या कागदपत्रांकडे आजवर पुरावा म्हणून पाहिले गेले. प्रबोधनकार ठाकरे यांनी ‘प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी’ या ग्रंथात त्यांचा आवेशपूर्ण उपयोग केला; त्या ग्रंथाचे मोल निर्विवाद आहे. परंतु संहिता म्हणून ती वाचली तर वेगळी गोष्ट ध्यानात येते. रंगो बापूजींच्या अर्जाचा वाचक एकच नाही. प्रत्येक पायरीवरचा वाचक अर्ज फेटाळतो आणि त्या नकारामुळेच वरच्या पायरीवरचा वाचक कल्पिला जातो. गव्हर्नर ऐकत नाही म्हणून संचालक. संचालक ऐकत नाहीत म्हणून भागधारक. भागधारकांत बहुमत नाही म्हणून पार्लमेंट. या उतरंडीच्या अगदी वर जो बसलेला असतो त्याने अद्याप नकार दिलेला नसतो. म्हणून तो न्यायी राहतो. मुकुटाची न्यायबुद्धी ही अशी नकारांच्या साखळीतून जन्माला आलेली कल्पना आहे. तिला भाबडेपणा म्हणणे योग्य नाही आणि केवळ डावपेच म्हणणेही पुरेसे नाही. अर्जाची रीतच ती कल्पना निर्माण करते.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह काशीस वारले. ५ एप्रिल १८४८ रोजी शहाजीराजेही गेले. दोघांनीही दत्तक घेतले होते. लॉर्ड डलहौसी यांनी दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. रंगो बापूजींचा अर्ज आता एका मृत राजाच्या वतीने चालला होता. तरीही ते आणखी पाच वर्षे लंडनमध्ये राहिले.

३

या पाच वर्षांत एक उलटा प्रवास घडला, आणि त्याची सांगड रंगो बापूजींच्या मुक्कामाशी घातल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. साताऱ्याच्या दत्तकाला अनुकूल असलेले मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क १८४८ मध्ये गेले आणि त्यांच्या जागी लॉर्ड फॉकलंड आले. फॉकलंड यांनी राज्य खालसा करण्याच्या बाजूने मत दिले. त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी अमेलिया आल्या. या अमेलिया म्हणजे इंग्लंडचा राजा चौथा विल्यम आणि नटी डोरोथिया जॉर्डन यांची कन्या. या संबंधातून झालेली दहा मुले फिट्झक्लॅरेन्स या आडनावाने ओळखली जात. विवाहबाह्य संततीला गादीचा हक्क नव्हता. म्हणून २० जून १८३७ रोजी विल्यम वारला तेव्हा राज्य त्याच्या पुतणीला, म्हणजे विक्टोरियाला मिळाले. याचा अर्थ असा की लेडी फॉकलंड या विक्टोरिया राणीच्या सख्ख्या चुलत बहीण होत्या. औरस संतती नाही म्हणून ज्या वर्षी साताऱ्याची गादी नष्ट झाली, त्याच वर्षी औरस नाही म्हणून गादीपासून दूर राहिलेली एक राजकन्या त्या प्रांताच्या गव्हर्नराची पत्नी होऊन आली. वारसाहक्काचा कायदा दोन्ही ठिकाणी निर्णायक होता. फरक एवढाच की लंडनमध्ये तो राजघराण्याचा स्वतःचा होता आणि साताऱ्यात तो बाहेरून लादलेला होता. येथील धर्मशास्त्राने व रूढीने दत्तक हा पुत्रच मानला होता.

लेडी फॉकलंड यांनी या काळातील आपल्या रोजनिशीतून निवडक भाग घेऊन ‘चाऊ-चाऊ’ हे प्रवासवर्णन सिद्ध केले. ते १८५७ मध्ये लंडन येथे दोन खंडांत प्रसिद्ध झाले. चाऊ-चाऊ म्हणजे सरमिसळ, फेरीवाल्याच्या टोपलीतला नाना तऱ्हेचा माल. नावातच लेखिकेची भूमिका स्पष्ट होते. तिला काही सिद्ध करावयाचे नाही आणि काही मागावयाचेही नाही. महाबळेश्वरच्या डोंगरांची, झाडाफुलांची, माणसांची वर्णने ती मोकळेपणाने करते. प्रवासवर्णन आणि अर्ज या दोन लेखनप्रकारांतील अंतर येथे उघड होते. रंगो बापूजी लंडनमध्ये होते, पण लंडनचे वर्णन करीत बसणे त्यांना परवडणारे नव्हते. त्यांच्या प्रत्येक वाक्याला प्रयोजन होते. लेडी फॉकलंड महाबळेश्वरी होत्या, आणि प्रयोजनहीन पाहण्याची मुभा हीच त्यांच्या गद्याची खरी श्रीमंती होती. निसर्गाकडे निरामय दृष्टीने पाहणारे हे गद्य सत्तेबाहेरचे आहे, असे मात्र समजता येणार नाही. पाहण्याची ती मोकळीक ज्या व्यवस्थेने दिली तीच व्यवस्था दुसऱ्याला तेरा वर्षे दारात उभे करीत होती.

ते महाबळेश्वर मुळात साताऱ्याच्याच राज्यातले. सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना १८२९ च्या करारान्वये वाईजवळील खंडाळा गावाच्या मोबदल्यात प्रतापसिंहांनी हा डोंगर कंपनीला दिला. माल्कमपेठ ही वसाहत तेव्हाची. पुढे शहाजीराजांनी वेण्णा तलाव बांधविला. त्यानंतर डोंगराच्या कडेकडेने नावे उमटत गेली. एका कड्याला कारनॅक यांचे नाव मिळाले, एकाला फॉकलंड यांचे. म्हणजे प्रतापसिंहांना पदच्युत करणारा गव्हर्नर आणि राज्य खालसा करण्यास अनुकूल मत देणारा गव्हर्नर, दोघेही त्यांच्याच डोंगरावर सौंदर्यस्थळे होऊन राहिले. आर्थर्स सीट हे नाव मात्र राजपुत्र आर्थरचे नव्हे. ते आर्थर मॅलेट या अधिकाऱ्याचे आहे. राजपुत्र आर्थर, म्हणजे विक्टोरियाचा तिसरा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट, हा १८८६ पासून १८९० पर्यंत मुंबई इलाख्याचा सरसेनापती होता. पूर्वी माउंट ऑलिंपिया म्हणविले जाणारे शिखर त्याच्या नावाने कॅनॉट पीक झाले. ग्रीक देवांच्या पर्वताचे नाव पुसून राजपुत्राचे नाव पडले. मूळच्या मराठी नावांवर ग्रीक नाव तरी कोणत्या अधिकाराने बसले होते, हा प्रश्न त्या नामकरणात कोणाला पडला नाही. नकाशा हीदेखील एक संहिता आहे, आणि ती वाचणाऱ्याला सहसा हे ठाऊक नसते की आपण एका खटल्याचा निकाल वाचीत आहोत.

१८५३ च्या अखेरीस रंगो बापूजींनी इंग्लंड सोडले. त्याच सुमारास फॉकलंड यांची मुदत संपली. अर्ज घेऊन गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतला आणि रोजनिशी घेऊन आलेली स्त्री पुस्तकाचे साहित्य घेऊन गेली. तिचे पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच १८५७ मध्ये साताऱ्यास कटाचा बोभाटा झाला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडा माळावर सतरा जणांना देहान्त शासन झाले. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा होता. रंगो बापूजी स्वतः निसटले ते पुन्हा कधीच सापडले नाहीत. अर्जाच्या लेखकाने अखेर पत्ता न ठेवता नाहीसे व्हावे, ही घटना तिच्या वाच्यार्थानेच पुरेशी बोलकी आहे.

४

रंगो बापूजी लंडनमध्ये असतानाच, ५ नोव्हेंबर १८४३ रोजी, सांगलीत विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग झाला. सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने झालेल्या या प्रयोगापासून मराठी रंगभूमीचा इतिहास सुरू होतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. एका बाजूला खरा राजा गादीवरून दूर केला जातो आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरवर दुसऱ्या राजाच्या दरबारात सोंगाचा राजा मुकुट घालून प्रवेश करतो. या दोन घटनांत कार्यकारणभाव जोडणे धाडसाचे होईल. तथापि एवढे म्हणता येते की ज्या काळात मराठी मुलखातील राजेपणाचा आशय क्षीण होत होता त्याच काळात त्याचे दृश्यरूप रंगभूमीवर स्थिर झाले. पुढे मुकुटाशी झालेल्या व्यवहारात वेष, प्रवेश आणि प्रेक्षक यांना जे महत्त्व आले, त्यासाठी ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावयास हवी.

मांडलिक राजांना मुकुटाचे दर्शन अर्जावाचून होऊ शकत होते, हे कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या प्रवासावरून दिसते. शिवाजी महाराजांच्या दुसऱ्या गादीचा हा तरुण अधिपती १८७० मध्ये युरोपच्या प्रवासास गेला. इंग्लंडमध्ये त्याची राणीशी भेट झाली. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे त्याचे निधन झाले. तेथील कॅशिने उद्यानात, दोन नद्यांच्या संगमाजवळ त्याचे स्मारक उभे आहे. त्याची इंग्रजी रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून १८७२ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केली. एका गादीच्या वकिलाला तेरा वर्षांत जे मिळाले नाही ते दुसऱ्या गादीच्या धन्याला एका हंगामात मिळाले. काही मागावयाचे नसेल तर भेट सुलभ होते. पण मग त्या भेटीतून रोजनिशीच निर्माण होते, आणि तीही संपादकाच्या हातून वाचकापर्यंत जाते.

५

१८५८ च्या जाहीरनाम्याने कंपनी गेली आणि राणी प्रत्यक्ष सत्ताधीश झाली. कुंपणी सरकारच्या जागी राणी सरकार आले. अर्जाच्या उतरंडीत अगदी वर असलेला वाचक आता थेट संबोध्य झाला होता. त्यामुळे त्याच्यापुढे उभे कोणी राहावयाचे हा नवा प्रश्न उपस्थित झाला. सातारा परिसराशी नाते असलेल्या दोन व्यक्तींनी या प्रश्नाची दोन उत्तरे दिली, आणि विशेष म्हणजे दोघांनीही शब्दांच्या जोडीला वेषाचा आधार घेतला.

पहिले गणेश वासुदेव जोशी. साताऱ्यास जन्मलेले, पुण्यात वकिली करणारे आणि सार्वजनिक सभेमुळे ‘सार्वजनिक काका’ म्हणून ओळखले गेलेले. १ जानेवारी १८७७ रोजी राणीने कैसर-इ-हिंद हा किताब धारण केल्याचे दिल्ली दरबारात जाहीर झाले. त्या वेळी सातारा आणि दक्षिणेतील इतर जिल्हे दुष्काळात होरपळत होते. त्या दरबारास जोशी हाताने कातलेल्या-विणलेल्या शुभ्र खादीत गेले आणि सभेचे मानपत्र त्यांनी सादर केले. इंग्लंडमधील प्रजेला जे राजकीय व सामाजिक स्थान आहे तेच हिंदी प्रजेला मिळावे, अशी त्यातील मागणी होती. मानपत्र हा स्तुतीचा प्रकार आणि अर्ज हा मागणीचा. जोशींच्या हातून हे दोन्ही एक झाले. किनखाब आणि जडजवाहिरांच्या मेळाव्यात खादीचा अंगरखा हा त्या मानपत्राचा न लिहिलेला परिच्छेद होता.

दुसरे जोतीराव फुले. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातले कटगुण. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. तेथे फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले. धनंजय कीर यांच्या चरित्रामुळे हा प्रसंग सर्वपरिचित आहे : दारावरील पहारेकऱ्यांनी त्यांना अडविले, यजमानांनी आत नेले, आणि फुल्यांनी भाषणात राजपुत्राला सांगितले की येथे जमलेली दागिन्यांनी मढलेली मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी प्रजा खेड्यात उघडीवाघडी आहे, तिच्या शिक्षणाची विवंचना आपल्या मातोश्रींच्या कानी घालावी.

हे दोन प्रसंग एकत्र ठेवले म्हणजे त्यांतील साम्यापेक्षा विरोधच अधिक उद्बोधक ठरतो. जोशींच्या खादीचा रोख राज्यकर्त्यांकडे आहे. तिच्यातून देशी उद्योगाचा कैवार व्यक्त होतो. फुल्यांच्या घोंगडीचा रोख राज्यकर्त्यांइतकाच शेजारी बसलेल्या देशबांधवांकडे आहे. सार्वजनिक सभेला ‘सार्वजनिक’ म्हणविण्याचा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न फुले ‘शेतकऱ्याचा असूड’च्या काळापासून विचारीत होते. राजपुत्रासमोर त्यांनी तोच प्रश्न वेषाने विचारला. म्हणजे अर्ज कोणाकडे करावयाचा याविषयी दोघांत मतभेद नव्हता. मतभेद होता तो अर्जदार कोण याविषयी. मुकुट हा येथे न्यायदाता असण्यापेक्षा एक साक्षीदार आहे. त्याच्या उपस्थितीत मराठी समाज आपल्या अंतर्गत प्रतिनिधित्वाचे भांडण मांडीत आहे. फुल्यांच्या राजनिष्ठेविषयी पुष्कळ वाद झाले आहेत. पण त्या प्रसंगी राणीचे नाव हे त्यांचे साध्य नव्हते, ज्यांनी परस्पर अर्जदाराची जागा बळकावली होती त्यांना ओलांडून जाण्याचा तो मार्ग होता, हे ध्यानात घेतले तर त्या वादाचे स्वरूप बदलते.

आणखी एक गोष्ट. लंडनमध्ये रंगो बापूजींना मुकुटाकडे जाण्यासाठी पायऱ्या चढाव्या लागल्या. पुण्यात मुकुटाचा एक आप्त जेवणास आला होता; अंतर उरले होते ते दारापासून मेजापर्यंतचे. तेवढ्या अंतरात पहारेकरी होते. अंतर कमी झाले म्हणून अडथळा संपला नाही. तो फक्त देशी झाला.

६

विसाव्या शतकाच्या आरंभी या संबोधनातील विश्वास ओसरू लागला आणि त्याची पहिली ठसठशीत वाङ्मयीन खूण सांगलीच्या एका सुपुत्राने उमटविली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले आणि १९१० मध्ये त्यावर बंदी आली. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, युधिष्ठिर मवाळ आणि भीम जहाल, हा अर्थ प्रेक्षकांनी तत्काळ ओळखला. तत्कालीन इंग्रजी भाष्यकारांनी तर विराट राजाच्या रूपात विलायतेतील दुर्बळ सरकार पाहिले. हे शेवटचे समीकरण मराठी समीक्षेत तुलनेने दुर्लक्षित राहिले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. भरदरबारात द्रौपदी विराटाकडे दाद मागते, ही महाभारतातील मूळ घटना आहे. म्हणजे कथानकाच्या केंद्रस्थानी एक अर्जच आहे. राजा दुष्ट नाही, पण तो काही करू शकत नाही. अर्जाचा कल्पिलेला न्यायी वाचक येथे प्रथमच रंगमंचावर देहधारी होऊन येतो आणि प्रेक्षकांसमोर निष्प्रभ ठरतो. मग न्याय घडतो तो अंधारात, भीमाच्या हातून. भाव्यांच्या सांगलीत ज्या राजाने रंगभूमीवर प्रवेश केला होता, त्याचे अधिकारपण खाडिलकरांच्या नाटकात संपले.

त्यानंतर राजघराण्याच्या भेटी होत राहिल्या, पण त्यांचा अर्थ बदलला. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड मुंबईस उतरला, तेव्हा हरताळ, परदेशी कापडाची होळी आणि दंगल यांनी शहर पेटले. जोशींनी अंगावर घातलेल्या वस्त्राची दुसरी बाजू ही होळी होती. अर्जाला जोडलेली खादी आता अर्जाशिवाय उभी राहिली. दोनच दिवसांनी, १९ नोव्हेंबरला, त्याच राजपुत्राने पुण्यात शिवस्मारकाची कोनशिला बसविली. ज्या विक्टोरियाच्या कारकिर्दीत शिवाजी महाराजांची साताऱ्याची गादी खालसा झाली, तिच्या पणतूने त्र्याहत्तर वर्षांनी शिवाजी महाराजांच्या स्मारकाचा पाया घालावा, हा विरोधाभास आहे. परंतु तो घडवून आणण्यात शाहू छत्रपतींसह मराठा संस्थानिकांचा पुढाकार होता, आणि त्यांच्या दृष्टीने प्रश्न वेगळा होता : शिवाजी महाराजांचा वारसा सांगण्याचा अधिकार कोणाचा? पुन्हा एकदा मुकुट साक्षीदार होता आणि वाद आपसातला. त्याच वर्षांत सातारा जिल्ह्यातील सत्यशोधक शेतकरी मात्र राजपुत्राच्या साक्षीची वाट न पाहता जमीनदारांशी झगडत होते.

१२ नोव्हेंबर १९३० रोजी पंचम जॉर्जने लंडनमध्ये पहिल्या गोलमेज परिषदेचे उद्घाटन केले. संस्थानिकांच्या शिष्टमंडळात सांगलीचे अधिपती दुसरे चिंतामणराव पटवर्धन होते. अर्जदाराला आता मेजाशी खुर्ची मिळाली होती. पण अर्जाचा विषयच हातातून निसटत होता. याच परिसरातील औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने आपली सत्ता ग्रामपंचायतींवर आधारलेल्या राज्यघटनेच्या हाती दिली. राजानेच राजेपणाचा त्याग केल्यावर वरच्या राजाकडे मागण्यासारखे काही उरत नाही.

शेवटचा टप्पा १९४२ ते १९४६ चा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी खटाव तालुक्यातील वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला. फुल्यांच्या कटगुणचाच हा तालुका. मोर्चा अर्ज देण्यासाठी नव्हता. कचेरीवर तिरंगा फडकविण्यासाठी होता, आणि त्याला गोळीबाराने उत्तर मिळाले. पुढे नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे चालविली. ‘कुंपणी सरकार’, ‘राणी सरकार’ आणि ‘प्रतिसरकार’ या तीन शब्दांत शंभर वर्षांचा प्रवास सामावलेला आहे. न्यायदान मंडळात फिर्याद ऐकणारा आणि सांगणारा एकाच गावच्या पारावर बसत. अर्जाला आवश्यक असलेले अंतरच तेथे नाहीसे झाले, आणि अंतराबरोबर तो न्यायी, दूरस्थ, मौन बाळगणारा वाचकही. या मंडळांच्या कारभारात जबरदस्ती होती, चुका होत्या. त्यांचे आदर्शीकरण करण्याचे कारण नाही. परंतु संबोधनाच्या इतिहासात त्यांचे स्थान निश्चित आहे. या परिसरातील माणसाने तेथे न्यायासाठी वर पाहणे सोडले.

७

या मांडणीतून वाङ्मयेतिहासापुढे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न व्याप्तीचा आहे. रंगो बापूजींचे लंडनमधील छापील अर्ज इंग्रजीत आहेत, राजाराम महाराजांची रोजनिशी इंग्रजीत आहे आणि लेडी फॉकलंड यांचे प्रवासवर्णन तर परकीच आहे. भाषा हा एकमेव निकष मानला तर यांतील काहीच मराठी वाङ्मयाच्या कक्षेत येत नाही. पण ज्या व्यवहारातून पुढे मानपत्रे, ‘असूड’सारखे गद्य आणि ‘कीचकवध’सारखे नाटक घडले, त्याची पहिली पाने वगळून नंतरची वाचता येतील काय? अर्जाची इंग्रजी ही मराठी माणसाने मराठी राज्याच्या वतीने, नाइलाजाने स्वीकारलेली भाषा होती. ती त्या संहितेच्या आशयाचाच भाग आहे.

दुसरा प्रश्न मूल्यमापनाचा आहे. अर्ज निष्फळ ठरला म्हणून तो दुय्यम आणि नाटकाने प्रेक्षक पेटविले म्हणून ते श्रेष्ठ, असा हिशेब करणे सोपे आहे. परंतु न्यायी वाचक प्रथम कल्पिला गेला नसता तर त्याच्या निष्प्रभतेचे नाट्य लिहिलेच गेले नसते. सही नाकारण्यापासून न्यायदान मंडळापर्यंतच्या या वाटचालीत प्रत्येक टप्प्याने आधीच्या टप्प्याचा पराभव आपल्या पोटात घेतलेला आहे. महाबळेश्वरच्या कड्यांवरील कारनॅक, फॉकलंड आणि कॅनॉट ही नावे प्रवासी आजही वाचतात. त्या नावांच्या शेजारी रंगो बापूजींचे कागद ठेवून वाचण्याचे काम मराठी समीक्षेचे आहे.